निर्यातीचे कागद आडवे वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. माझ्या पहिल्या निर्यातीच्या वेळी आपण जी मदत केलीत, तिचे आभार मी तेव्हा फोनवर घाईघाईने दोन वाक्यांत मानले होते. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिल्यांदाच परदेशात माल पाठवणाऱ्या इतरांनाही त्यातून काही मिळावे, यासाठी ते उघडपणे लिहितो आहे.

त्या दिवशी माझ्या फाइलमध्ये कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उत्पत्ती प्रमाणपत्र, विमा प्रमाणपत्र, बँकेकडून आलेले लेटर ऑफ क्रेडिट (पतपत्र, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) आणि शिपिंग लाइनने पाठवलेला बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीचा, मसुदा, असे सगळे कागद होते. यादीतले काही राहिले नाही, म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. आपण ते कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडलेत आणि पट्टी धरून एकेक बाब सगळ्या कागदांवर आडवी वाचत गेलात. खरेदीदाराचे नाव जुळले, मालाचे वर्णन जुळले, खोक्यांची संख्या जुळली आणि एकूण वजनापाशी आपली पट्टी थांबली. पॅकिंग लिस्टमध्ये मी फक्त भरलेल्या खोक्यांच्या वजनाची बेरीज लिहिली होती, तर मसुद्यातल्या वजनात खोकी रचायचे लाकडी पॅलेटही धरलेले होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते, पण शेजारी ठेवले की एकमेकांना खोटे पाडत होते. आपण काही न बोलता दोन्हींखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत.

बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते, हे त्यानंतर आपण ज्या शांतपणे समजावलेत ते मला अजून आठवते. लेटर ऑफ क्रेडिटला लागू होणारे यूसीपी ६०० हे नियम २००७ पासून अमलात आहेत, त्यांनुसार बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात आणि कागद एकमेकांशी विसंगत असतील तर माल कितीही चांगला असला तरी बँक ते नाकारू शकते. त्याच वेळी आपण माझी उलटी भीतीही काढलीत. प्रत्येक कागदावर शब्द न् शब्द सारखा असण्याची गरज नाही, माहितीत विरोध नसावा एवढेच पाहायचे. मात्र इनव्हॉइसमधले मालाचे वर्णन लेटर ऑफ क्रेडिटशी जुळलेच पाहिजे. हा फरक कळल्यावर कुठे काटेकोर राहायचे आणि कुठे विनाकारण घाबरायचे नाही, हे मला उमगले.

तारखांबाबत तर मी अगदी गाफील होतो. पतपत्राची मुदत संपेपर्यंत कागद कधीही दिले तरी चालतात असे मी धरून चाललो होतो. पतपत्रात वेगळी मुदत दिलेली नसेल, तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत पोहोचले पाहिजेत, आणि तेही पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी, हे आपण माझ्याच कॅलेंडरवर दिवस मोजून दाखवलेत. पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून प्रक्रिया केल्याचा, शिक्का आहे का, हेही आपणच विचारलेत. मालाचा प्रकार सांगणाऱ्या एचएस कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे असले तरी पुढचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो, म्हणून ते खरेदीदाराकडून विचारून घ्यायला आपणच सांगितलेत.

पण माझ्या मते सर्वांत मोठी मदत वेळेची होती. बिल ऑफ लेडिंग अजून मसुद्याच्या अवस्थेत होते. पॅलेटसह वजन हेच खरे एकूण वजन असल्यामुळे दुरुस्ती माझ्या पॅकिंग लिस्टमध्ये करायची होती, आणि ती तासाभरात झाली. मात्र मसुद्यात खरेदीदाराच्या पत्त्यातली एक चूकही आपल्याला दिसली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी आपण स्वतः शिपिंग लाइनला फोन केलात आणि सुधारित मसुदा हाती येईपर्यंत मला मान्यता देऊ दिली नाहीत. मूळ प्रती निघाल्यावर हीच दुरुस्ती करायची असती, तर त्या सगळ्या प्रती परत देऊन नव्या घ्याव्या लागल्या असत्या. हे काम आपल्या जबाबदारीत मोडत नव्हते, हे मला नंतर कळले.

बँकेने तो संच एकही त्रुटी न काढता स्वीकारला. तेव्हापासून प्रत्येक मसुद्याला मान्यता देण्यापूर्वी मी सगळे कागद टेबलावर मांडतो आणि पट्टी घेऊन बसतो. आपल्या पेन्सिलीच्या रेघा असलेली ती पॅकिंग लिस्ट माझ्या फाइलमध्ये सर्वांत वर लावलेली आहे.

आपला कृतज्ञ,
एक निर्यातदार