डोलकाठीवरचा दिवा

खानापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शिडाच्या बोटीच्या डोलकाठीवर नवा दिवा बसला. फोनवर तेवढं सांगून झालं असतं, पण तू तिकडं मस्कतला आणि बोट इथं मांडवीत. जे काम आपण दोघांनी मिळून करायचं ठरवलं होतं ते मी एकट्यानं केलं, म्हणून सगळं नीट लिहून कळवतो. निम्मी बोट तुझी आहे.

मार्चमधली ती रात्र माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आग्वादकडून परत येत होतो, वारा मंद होता आणि तू सुकाणूवर होतास. तो ट्रॉलर तीस-चाळीस फुटांवरून घासून गेल्यासारखा गेला आणि वरून कोणीतरी ओरडलं, "दिवो खंय?" आपण दोघांनी एकदमच वर बघितलं. बटण चालू होतं, बटणाजवळची बारकी लाल खूणही पेटलेली होती, आणि डोलकाठीच्या टोकाला मिट्ट काळोख. मग ट्रॉलरच्या लाटेनं बोट हलली आणि दिवा आपोआप लागला. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. गाड्यांची वायरिंग करण्यात माझी बावीस वर्षं गेली. दिवा चालू आहे हे मी बटणाकडं बघून ठरवलं, दिव्याकडं बघून नाही, हे मला फार लागलं.

तुला माहीत आहे, आमच्या भाच्याचा पाय कशानं मोडला. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेला उभी भरलेली ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टरवाल्याला पुढचा रस्ता दिसत होता, त्याचं काम भागत होतं. तेव्हापासून माझ्या दुकानात आलेली ट्रॉली मी मागचे दोन दिवे लागल्याशिवाय आणि लाल पट्टी चिकटवल्याशिवाय सोडत नाही, मग कारखान्याची कितीही घाई असू दे. पुढचा दिवा आपल्यासाठी असतो, मागचा दुसऱ्यासाठी. आणि बोटीच्या डोलकाठीवरचा तर सगळाच्या सगळा दुसऱ्यासाठी. आपल्याला त्याच्या उजेडात काहीही दिसत नाही.

गेल्या महिन्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गेलो. घाट अजून हिरवा होता. जांबोटीपासून मनात एकच येत होतं, आपल्याच तालुक्यात देगावच्या रानात म्हादई निघते, तीच पुढं मांडवी होऊन आपल्या बोटीखालून वाहते. मी वरून आलो, तीही वरूनच येते. ब्रिटोनाच्या बोटींच्या यार्डात पोचलो तेव्हा ओहोटी होती.

वर चढायची व्यवस्था यार्डातल्या म्हाताऱ्या खलाशानं केली. फळीची खुर्ची, तिला शीड चढवायचा एक दोर, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला दुसरा, वेगळ्या कप्पीवरून. हुक-बिक काही नाही, दोन्ही दोरांना त्यानं स्वतः बोलाइन, म्हणजे ताणली तरी न सरकणारी गाठ मारली आणि मला डेकपासून हातभर उचलून दहा मिनिटं तसंच लोंबकळत ठेवलं. म्हणाला, गाठ बसली की नाही ते इथं कळू दे, वर नको. स्क्रू ड्रायव्हर, पाना, मीटर, सगळं दोरीनं मनगटाला बांधायला लावलं. बारा मीटरवरून पडलेला पाना डेक फोडतो, आणि खाली तो स्वतः उभा होता.

आता दिव्याचं. काच म्हणतो आपण, पण ती प्लास्टिकची. उन्हानं तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या, लाल बाजू गुलाबी झालेली, हिरवी दुधट. झाकण काढलं तर आत मुंगीएवढं एक भोक, तिथून मीठ आत शिरलेलं. होल्डरची स्प्रिंग गंजून बसलेली. बल्ब बोटानं दाबला की लागायचा, सोडला की जायचा. त्या रात्रीचं कारण हेच. मीटर लावला, खाली बॅटरीला साडेबारा व्होल्ट आणि वर दिवा लागलेला असताना नऊ पॉइंट आठ. वायर सोलली तर तांबं आत हातभर काळं पडलेलं. तारेच्या बल्बला एवढा दाब कमी मिळाला की उजेड निम्म्यावर येतो, आणि वर ती दुधट काच. म्हणजे लागला तरी तो दिवा कुणाला कितीसा दिसत असेल.

तू म्हणाला होतास, नुसता एलईडी बल्ब टाकू. मीही आधी तेच धरून चाललो होतो. पण हा दिवा एकात तीन आहे, डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा, मागं पांढरा. लाल-हिरव्याला प्रत्येकी नेमके 112.5 अंश, आणि मागच्या पांढऱ्याला 135. तिन्ही मिळून 360. समुद्रावरचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत 20 मीटरच्या आतल्या शिडाच्या बोटीला असा एकत्र दिवा टोकावर चालतो. लाल कुठं संपतो आणि हिरवा कुठं सुरू होतो ती रेघ जुन्या दिव्यात बल्बच्या त्या एका उभ्या बारीक तारेवर ठरते. तिथं दहा दाण्यांचा एलईडी बसवला की रेघ फिसकटते, समोरच्याला लाल आणि हिरवा एकदम दिसत राहतो, आणि बोट कुठं तोंड करून आहे ते कळत नाही. शिवाय थंड पांढरा एलईडी लाल काचेमागं मिणमिणतो. म्हणून पूर्ण नवा, सीलबंद दिवा घेतला. महाग पडला, पण यात काटकसर करणं मला पटलं नाही.

विजेचा हिशोब मात्र तुला आवडेल. जुना बल्ब 25 वॉटचा, म्हणजे दोन अँपिअरच्या वर. अकरा तासांच्या रात्रीत आपल्या शंभराच्या बॅटरीतले तेवीस अँपिअर-तास तो एकटा खायचा. नवा अडीच वॉटचा, रात्रभरात सव्वादोन-अडीच.

खरा वेळ स्क्रूनं खाल्ला. स्टीलचे चार स्क्रू, ॲल्युमिनियमची डोलकाठी, मधे खारं पाणी. दोन धातूंच्या मधे पांढरी पूड धरलेली. तीन सुटले, चौथ्याची मान तुटली. खुर्चीत लोंबकळत, पाय काठीला कवळून, छोट्या ड्रिलनं तो पोखरून काढला आणि शेजारी नवा आटा पाडला. दीड तास. मांड्या बधिर झाल्या. नवे स्क्रू लॅनोलिनच्या (लोकरीतल्या मेणाच्या) ग्रीसमध्ये बुडवून बसवलेत, पुढच्या वेळी हातानं सुटतील.

वायरही सगळी बदलली. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून खालून ओढायची, सोपं काम. पण मधल्या आडव्या काठीपाशी जोड अडकला. ओढून बघितलं, हलेना. जोर केला असता तर तुटून वायर काठीच्या पोटात राहिली असती. परत वर खेचली, जोडाची एकेक तार पायरीपायरीनं कापून उंदराच्या शेपटीसारखा निमुळता केला, टेप गुंडाळली, साबण चोळला, तेव्हा सरकन उतरली. नवी वायर कथील चढवलेल्या तांब्याची आहे, मिठानं काळी पडायला वेळ लागेल. जोडावर आतून डिंक असलेली स्लीव्ह तापवून बसवली, आणि दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिलाय, पाणी झोळातून गळून जाईल.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती यार्डात कळली. एलईडीच्या आतलं सर्किट कधीकधी रेडिओत खरखर घालतं, आणि आपल्या बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओची अँटेना तर दिव्याला खेटून. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं 2018 मध्ये याबद्दल इशाराच काढला होता. तपासायची रीत सोपी आहे. दिवा बंद ठेवून रेडिओ शांत चॅनेलवर लावायचा, खरखर जेमतेम थांबेल एवढा स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) फिरवायचा आणि दिवा लावायचा. खरखर परत आली तर दिवा वाईट. मी तीनदा केलं. रेडिओ गप्प राहिला.

अंधार पडल्यावर खलाशाला बोटीवर बसवलं आणि मी छोटी होडी घेऊन निघालो. दिव्यावरचा बाण वरून पुढच्या तारेच्या रेषेत धरला होता, पण डोळ्यानं बघितल्याशिवाय चैन नव्हतं. डाव्या अंगाला लाल, गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा. वल्ही मारत पुढं गेलो, बरोबर नाळेसमोर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर आलो, आणि लाल-हिरवा दोन्ही दिसले. आणखी दोन वल्ही, लाल गेला, नुसता हिरवा. एवढीशी पट्टी. मग मागं वळसा घालून पांढरा. ट्रॉलरवरच्या त्या माणसाच्या जागी मी बसलो होतो, आणि पहिल्यांदा आपली बोट मला त्याच्या डोळ्यांनी दिसली. होडी थांबवून बराच वेळ बघत राहिलो.

बटणांवर मी मराठीत पट्ट्या चिकटवल्यात. 'शीड' म्हणजे हा तिरंगी. 'इंजिन' म्हणजे काठीच्या पुढचा पांढरा, खालचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा. इंजिन चालू केलं की तिरंगी बंद करायचा, दोन्ही एकदम कधीच नाही. 'नांगर' म्हणजे चहूबाजूंनी दिसणारा पांढरा. तू जानेवारीत येशील तेव्हा आधी वाच आणि मग हात लाव.

जुना दिवा दुकानात कपाटावर ठेवलाय. परवा एक ट्रॅक्टरवाला मागचे दिवे नको म्हणत होता, त्याला तो खाली काढून दाखवला आणि मार्चची रात्र सांगितली. त्यानं दिवे लावून घेतले.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. येताना ती कथील चढवलेली वायर तिकडं स्वस्त असेल तर वीस मीटर आण, खालच्या दिव्यांचीही बदलायची आहे.

तुझाच,
खानापूरकर