प्लग बदलण्याआधी काटा पाहा

संपादक महोदय,

सिग्नलला थांबलेली गाडी थरथरू लागली, स्टिअरिंग हाताला जाणवू लागले की बहुतेक जण आधी प्लग बदलून घेतात. फरक पडला नाही तर प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई. एवढे करूनही थरथर तशीच राहते, कारण मुळात तपासणीच झालेली नसते. सदोष भागाच्या खुणा गाडी आधीपासून देत असते, त्या वाचाव्यात कशा याविषयी हे पत्र. यातले सगळे इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे.

सर्वांत आधी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा पाहावा. चांगले तापलेले चार सिलिंडरचे इंजिन जागेवर (आयडलिंगला) साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर फिरते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. काटा स्थिर आहे, पण आतून गाडी हादरते आणि ऑटोमॅटिकचा गिअर ‘डी’मध्ये टाकताच हादरे वाढतात, तर आधी इंजिन माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेले असते ते, रबर तपासा. तिथे प्लग बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. काटा खाली जाऊन पुन्हा उसळत असेल तर थ्रॉटलकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) किंवा हवेच्या गळतीकडे वळावे. आणि सायलेन्सरमधून ठरावीक ठेक्यात फट्-फट् येत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे, म्हणजे त्यातले पेट्रोल नीट जळत नाही.

हवेच्या गळतीचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण तीच सर्वांत जास्त हुकते. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला असतो. त्याच्या पुढचा एखादा पाइप फाटला की तिथून शिरलेली हवा मोजली जात नाही आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. जागेवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन एकूणच थोडी हवा घेते, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस दिली की तोच वाटा नगण्य होतो. म्हणूनच अशी गाडी रस्त्यावर चांगली पळते आणि थांबली की थरथरते.

पडताळा सोपा आहे. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून शॉर्ट (तात्काळ) आणि लाँग (दीर्घकालीन) फ्युएल ट्रिमची, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो त्या आकड्यांची, बेरीज पाहावी. जागेवर ती अधिक १५ ते २० टक्के असून २५०० आरपीएमवर शून्याच्या आसपास येत असेल, तर गळती जवळपास नक्की. रेस दिल्यावरही तेवढीच राहिली किंवा वाढली, तर इंधनाचा दाब किंवा मळलेला एमएएफ सेन्सर पाहावा. ज्या गाड्यांत एमएएफ नसून फक्त इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे ट्रिम फारशी न हलता जागेवरचा आरपीएमच वाढलेला दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

गळती शोधताना पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा, पाइप हातात घेऊन वाकवून पाहा. तेलाच्या वाफेने रबर मऊ पडते आणि वळणाच्या खालच्या बाजूला चीर जाते. वरून पाहिले तर पाइप ठणठणीत, वाकवला की चिरेचे तोंड उघडते. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पाइप आणि सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केटही पाहावे. ब्रेक दाबून धरल्यावर सूं असा आवाज येत राहिला आणि आयडलिंग बदलले, तर बूस्टर गळतो आहे. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत कृपया सोडावी, त्याने आग लागू शकते. धुराचे यंत्र लावून चीर बिनधोक सापडते.

थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काळे कडे साचले असेल तर थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर कापडावर घेऊन पुसावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये, आतले दाते खराब होतात. सफाईनंतर आयडल पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते. ती राहिली तर साफ केलेल्या गाडीचाही जागेवरचा आरपीएम काही काळ वेडावाकडा राहतो.

मिसिंग असेल आणि स्कॅनरवर कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग) आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला की कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर तसाच प्लग हलवून पाहा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. प्लगच्या विहिरीत तेल दिसले तर वरच्या कव्हरचे सील आधी बदला, नाहीतर नवी कॉइलही जाईल. प्लग थंड इंजिनावरच काढावेत, गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवावी आणि इरिडियम प्लग तारेच्या ब्रशने घासू नयेत.

एवढ्यावर भागले नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजावे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा सदोष, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केट.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि प्लगच्या मानाने कितीतरी महागडा भाग निकामी होतो.

गॅरेजचालकांना विनंती आहे की कोड पुसण्याआधी तो, त्याची फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीच्या नोंदी) आणि ट्रिमचे आकडे बिलावर लिहून द्यावेत. ग्राहकांनीही ते मागावेत, आणि बॅटरीची तार काढून दिवा विझवून गाडी गॅरेजमध्ये नेऊ नये. निदानाला लागणारी नोंद त्यातच पुसली जाते.

आपला,
एक वाचक