माशीच्या मेंदूचा नकाशा आणि तो घडवणारी माणसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फळमाशीच्या मेंदूच्या संपूर्ण नकाशावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने प्रसिद्ध केलेले हे संशोधन सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत पोहोचवल्याबद्दल मनापासून आभार. 1 लाख 39 हजार 255 चेतापेशी, त्यांच्यामधले पाच कोटींहून अधिक जोड, आणि हे सगळे खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत! लेखात नावे मात्र दोनच होती, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या माला मूर्ती आणि सेबॅस्टियन सुंग यांची. दोघेही थोर आहेत, त्यांचे नेतृत्व नसते तर हे काम उभे राहिले नसते. पण ते प्रत्यक्ष केले कोणी, याबद्दल पूर्ण पानात एक वाक्यही नव्हते. म्हणून हे पत्र.

मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करून निवृत्त झाले. आमच्याकडे फळमाशीच्या मेंदूवर, म्हणजे तिची झोप, स्मरणशक्ती, वास ओळखण्याची क्षमता यांवर संशोधन चालते. (बागायतदारांनी गैरसमज करून घेऊ नये. आंब्याला आणि वेलवर्गीय भाज्यांना डंख मारणारी फळमाशी वेगळी. आमची म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक, लाल डोळ्यांची.) मी शास्त्रज्ञ नाही. पण माश्यांच्या खोलीत आयुष्याची इतकी वर्षे गेली आहेत की तिथे काम कसे चालते हे मी खात्रीने सांगू शकते.

आधी त्या नकाशाबद्दल. एका माशीच्या मेंदूच्या सुमारे सात हजार चकत्या कापल्या गेल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची दोन कोटींहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. हे काम अमेरिकेतल्याच जनेलिया संशोधन केंद्रात झाले आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर संगणकाने त्या छायाचित्रांतून एकेक पेशी ओळखून तिचे धागे जोडले. पण संगणक चुकतो. एका पेशीची फांदी दुसरीला चिकटवतो, कुठे धागा मध्येच तोडतो. त्या चुका माणसांनी डोळ्यांनी शोधल्या आणि एकेक करून दुरुस्त केल्या. एकट्या माणसाने करायचे म्हटले असते तर त्याची 33 वर्षे यात गेली असती, असा हिशेब त्या शोधनिबंधातच दिलेला आहे. दुरुस्ती करणाऱ्यांत वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांतले संशोधक होते, पगारी तंत्रज्ञ होते आणि घरच्या संगणकावर बसून हौसेने काम करणारे स्वयंसेवकही होते. फ्लायवायर या सामूहिक नावाखाली या सगळ्यांना लेखकांमध्ये स्थान मिळाले. ही गोष्ट मला त्या पाच कोटी जोडांइतकीच मोठी वाटते, आणि नेमकी तीच आपल्या लेखातून सुटली.

आता माश्यांच्या खोलीतले सांगते, कारण वर्तमानपत्राच्या वाचकाला ती कधीच दिसत नाही.

माश्यांना खाद्य लागते आणि ते शिजवावे लागते. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर (मिश्रण घट्ट करणारा, समुद्री शेवाळापासूनचा पदार्थ) पाण्यात घालून मोठ्या पातेल्यात सतत ढवळत राहायचे. गुठळी होऊ द्यायची नाही, तळाला लागू द्यायचे नाही. उकळी आली की आच बंद करून थांबायचे. मिश्रण साठ अंशांच्या आसपास उतरले की मगच बुरशी रोखणारी रसायने घालायची. आधी घातली तर वाफेबरोबर उडून जातात, फार उशीर केला तर अगर घट्ट होतो आणि ती नीट मिसळत नाहीत. मग शेकडो नळ्यांत आणि बाटल्यांत ओतायचे, वर मलमलीचे कापड टाकून रात्रभर ठेवायचे आणि ओल निघून गेली की कापसाचे बोळे लावायचे. खाद्य ओले राहिले तर माश्या त्यात चिकटून मरतात. कोरडे पडले तर ते काचेपासून सुटते आणि अळ्या जगत नाहीत. पावसाळ्यात बुरशी धरली की एखाद्या विद्यार्थ्याचा महिन्याभराचा प्रयोग वाया जातो. शोधनिबंधात यावर एकच वाक्य असते: ‘माश्या प्रमाणित खाद्यावर वाढवल्या.’

त्यात या माश्यांचे वाण रोजच्या व्यवहारात गोठवून ठेवता येत नाहीत. बियाणे पाकिटात घालून ठेवावे तसे इथे चालत नाही, ते जिवंतच राखावे लागतात. 25 अंशांवर साधारण दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते. म्हणून ठरावीक दिवसांनी प्रत्येक वाणाच्या माश्या जुन्या नळीतून ताज्या खाद्याच्या नळीत हलवाव्या लागतात. आमच्याकडे याला ‘फ्लिप करणे’ म्हणतात. दिवाळी असो की गणपती, लक्ष्मी रोडवर मिरवणूक असो, फ्लिपचा दिवस पुढे ढकलता येत नाही. उन्हाळ्यात वीज गेली आणि इनक्युबेटरचे तापमान चढले की रात्री धावत जावे लागते, कारण उष्णतेने नर वांझ होतात आणि वाणच संपतो. 2020 च्या टाळेबंदीत घर जवळ असलेले आम्ही तिघेचौघे पास घेऊन आळीपाळीने जात होतो. विभागात कोणी नाही, कॅन्टीन बंद, आणि आत हजारो नळ्या. त्या काळात एक जरी वाण गेला असता तरी तो नव्याने मागवून, त्याची वाढ करून, काम पुन्हा मार्गी लावायला विद्यार्थ्याचे कितीतरी महिने गेले असते.

विद्यार्थ्यांचे हाल तर वेगळेच. क्रॉस लावायचा, म्हणजे दोन वाणांचा संकर करायचा, तर समागम न झालेली मादी लागते. कोशातून बाहेर आल्यावर पहिले सुमारे आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून सकाळी बाटली रिकामी करायची आणि आठ तासांच्या आत परत येऊन नव्या माद्या वेगळ्या काढायच्या. नवजात मादीच्या फिकट पोटात एक काळसर ठिपका दिसतो, त्यावरून ती ओळखायची. कार्बन डायऑक्साइडने माश्या निपचित करून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक बाजूला सारायची. यात एकही चुकीची मादी गेली तर पूर्ण क्रॉस फुकट जातो, कारण तिच्या पोटात आधीच्या नराचे शुक्राणू साठलेले असतात. झोपेवर काम करणारी मुले रात्रभर तांबड्या दिव्यात बसतात, कारण माशीला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे हेच चालते. शनिवारी लग्न असले तरी मुलगी अक्षता टाकून, जेवण न करता ‘व्हर्जिन गोळा करायला’ परत आलेली मी पाहिली आहे.

याच कामातून किती मोठ्या गोष्टी निघाल्या याचे एक उदाहरण देते. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत रॉन कोनोप्का नावाचा विद्यार्थी होता. माश्या कोशातून बहुतेक पहाटेच्या सुमारास बाहेर येतात. ज्या अवेळी येतात त्यांच्यात काहीतरी वेगळे असणार, असे धरून तो बाटल्यांमागून बाटल्या तपासत राहिला. त्याला तीन वाण सापडले. एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, आणि तिसऱ्याला दिवसरात्रीचा तालच नाही. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात होता. 1971 मध्ये हा निबंध आला आणि शरीरातल्या घड्याळाच्या संशोधनाचे दार उघडले. त्याच जनुकावर पुढे काम करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 मध्ये नोबेल मिळाले. कोनोप्का दोन वर्षे आधीच, 2015 मध्ये गेले होते. कॅलटेकमध्ये त्यांना कायमची नेमणूकही मिळाली नव्हती. हे आठवले की मला आजही वाईट वाटते.

याउलट अमेरिकेतल्याच कोलंबिया विद्यापीठात माश्यांवर आनुवंशिकतेचे संशोधन करणारे थॉमस हंट मॉर्गन यांनी कॅल्विन ब्रिजेस या मुलाला बाटल्या धुण्यासाठी ठेवले होते. धुता धुता काचेतूनच एका माशीच्या डोळ्याचा वेगळा रंग त्याच्या नजरेला आला. मॉर्गन यांनी त्याला संशोधनात घेतले, आणि 1933 च्या नोबेलची रक्कम स्वतःच्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या सहकाऱ्यांच्या मुलांनाही वाटून दिली.

हे सगळे परदेशातच घडले असेही नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्यांवर काम केले, ज्या तापमान वाढले की लुळ्या पडतात आणि थंडावा मिळाला की पुन्हा चालू लागतात. चेतापेशींत संदेश कसे धावतात याचा माग त्यातून लागला. पुढे मुंबईत त्यांनी वास आणि चव यांच्या अभ्यासाला हात घातला. या कामात व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनला, आणि तिथून त्या सिद्दीकी यांच्याकडे पीएच.डी.साठी थेट मुंबईला आल्या. वास न ओळखणाऱ्या माश्या शोधून काढण्याचे काम त्यांनी त्या काळात केले, जेव्हा हा विषय भारतात फारसा कोणाला ठाऊक नव्हता. 2010 मध्ये त्या गेल्या. मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर अजून पुष्कळ लिहायला हवे.

एवढे सविस्तर लिहिण्याचे खरे कारण वेगळेच आहे. मी निवृत्त झाले आणि माझी जागा भरलीच नाही. पदभरतीवर बंधने आहेत, असे सांगितले जाते. आता खाद्य कोण शिजवते? पीएच.डी. करणारी मुले, पाळ्या लावून, संध्याकाळी प्रयोग संपल्यावर. मधे काही महिने ठेकेदारामार्फत एक मुलगा आला. हुशार होता, दोन आठवड्यांत बोळे लावण्यापासून माईटची (नळ्यांत शिरणाऱ्या अगदी बारीक किड्यांची) लागण ओळखण्यापर्यंत सगळे शिकला. करार संपला, तो गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे शिकणेही गेले. देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 2023 मध्ये केंद्राची कनिष्ठ शिष्यवृत्ती 31 हजारांवरून 37 हजार रुपये झाली. तीही दरमहा हातात पडतेच असे नाही. आमच्याकडे मुलांनी कित्येक महिने उसनवारीवर काढले आहेत आणि तरीही एकाही वाणाला खाद्य चुकलेले नाही.

माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची रूपे या माशीत आढळतात, म्हणूनच पार्किन्सन्स आणि अल्झायमर्सवरचे संशोधन तिच्यावर होते. अशा संशोधनासाठी सूक्ष्मदर्शकाला लाखो रुपये मंजूर होतात. मग वाण राखणाऱ्या आणि खाद्य करणाऱ्या एका कायम माणसाचा पगार का मंजूर होत नाही, हे मला मनापासून विचारायचे आहे. तो माणूस नसला तर त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला माशीच उरणार नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. यापुढे विज्ञानाची बातमी देताना प्रमुखांबरोबरच ज्यांनी हातांनी काम केले त्यांची नावे विचारून घ्या. संशोधक ती आनंदाने सांगतात, फक्त कोणी विचारत नाही. आणि राज्यातल्या विद्यापीठांत प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांची किती पदे मंजूर आहेत, त्यांतली किती रिकामी आहेत आणि ते काम सध्या कोण करत आहे, याची माहिती आपल्या वार्ताहरांकरवी मिळवून छापा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर तो लिहायला मी मदत करीन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे