जोची हॅट सारखी का पडते?

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीवरच्या तुझ्या चारही नोंदी वाचल्या. इंग्रजी स्वच्छ आहे. पण पहिल्या तीन नोंदींत तू नाहीस आणि चौथीत पुस्तक नाही. मॅडमनी ‘पर्सनल रिस्पॉन्स’ मागितलाय, त्यात दोघंही हवीत.

पहिली नोंद घे. पहिल्या प्रकरणात काय घडतं ते तू सांगितलंस: दलदलीच्या काठचं चर्च, थडगी, बेड्या घातलेला कैदी. हे तर पुस्तकातच आहे. त्या पानावर तुझं वाचन कुठे अडखळलं, ते मला हवं होतं. पाच भावांची पाच चिमुकली थडगी बघून पिप या पोरक्या नायकाची अशी पक्की समजूत होते, की ही पोरं विजारीच्या खिशात हात घालून उताणीच जन्माला आली असणार. इथे हसू येतं आणि लगेच लक्षात येतं, की आपण पाच मेलेल्या बाळांवर हसलो. ही जी ओशाळी चमक आहे ना, नोंद तिथून सुरू होते.

म्हणून वाचताना पेन्सिल हातात ठेव आणि खूण फक्त अडखळशील तिथे कर. हसलीस, चिडलीस, कंटाळलीस, कळलं नाही, काहीही चालेल. कंटाळ्याचीसुद्धा नोंद होते, फक्त कुठल्या परिच्छेदाला कंटाळलीस आणि त्याआधी तुला काय वाचायची घाई होती, ते लिहायचं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून दहा मिनिटं मराठीत लिही, वाक्यं मोडकी असली तरी चालतील. मग पुस्तक उघडून ती ओळ शोध आणि डाव्या पानावर उतरव, दोन ओळींपेक्षा जास्त नाही. उजव्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर: यातल्या नेमक्या कुठल्या शब्दानं हे केलं? इंग्रजी दुसऱ्या दिवशी लिहायचं, अडीचशे ते तीनशे शब्द, आणि मराठी कागद बाजूला ठेवून. तो समोर असला की भाषांतर होतं आणि वाक्यं लंगडतात.

ओळीखाली पान नंबर नको, प्रकरणाचा आकडा टाक, कारण प्रत्येक आवृत्तीची पानं वेगळी असतात. त्यातही एक खोच आहे. कादंबरी तीन भागांत आहे, प्रकरणं एकूण ५९. काही आवृत्त्यांत प्रत्येक भागाला आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. तुझ्या प्रतीत तसं असेल तर भागही लिही.

दुसऱ्या नोंदीत ‘सुंदर वर्णन’, ‘अप्रतिम व्यक्तिचित्रण’ असे शब्द आहेत. लग्न मोडल्यापासून घरात कोंडून घेतलेल्या श्रीमंत मिस हॅविशॅमच्या घरातली घड्याळं नऊला वीस मिनिटं असताना थांबलेली आहेत, तिच्या एकाच पायात बूट आहे. हे सोडून ‘सुंदर’ कशाला? एक कसोटी सांगते. नोंदीतलं पुस्तकाचं नाव बोटानं झाक. उरलेला मजकूर दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला चालत असेल, तर तो फाडून टाक.

तिसरी नोंद गाइडातली आहे, हे मला दुसऱ्याच ओळीत कळलं. ‘बिल्डुंग्सरोमान’ (नायकाच्या घडणीची कादंबरी) हा शब्द वापरू नको असं नाही. पण आठव्या प्रकरणातला पत्त्यांचा डाव वाचताना त्या शब्दाचा काही उपयोग होत नाही. मिस हॅविशॅमची मानलेली मुलगी एस्टेला पिपला हसते, कारण ज्या पत्त्याला ती ‘नेव्ह’ म्हणते त्याला तो ‘जॅक’ म्हणतो. मग त्याचे खरबरीत हात, जाड बूट, सगळं काढते. मराठीत तो पत्ता सगळ्यांचाच गुलाम, त्यामुळे हा टोमणा आपल्याला सरळ लागत नाही. पण कुणी ‘पानी’ म्हटलं आणि बाकीचे एकमेकांकडे बघून हसले, हे तुला चांगलं माहीत आहे. तेच ते. अशी जोडी सापडली की नोंद तुझी झाली, कारण इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याला ती सुचणार नाही.

जुन्या शब्दांना मात्र सांभाळ. त्याच प्रकरणात एस्टेला पिपला ‘कॉमन’ म्हणते. तू ‘सामान्य’ असा अर्थ घेतलास, त्यामुळे तो एवढा का रडतो ते तुला कळलं नाही. तिथे अर्थ हलक्या कुळाचा, गावंढळ असा आहे. पुस्तकाच्या नावातही तोच घोळ होतो. ‘एक्स्पेक्टेशन्स’ म्हणजे नुसत्या अपेक्षा नव्हेत, त्या काळात पुढे मिळायच्या इस्टेटीच्या आशेला तो शब्द होता. शब्द ओळखीचा वाटला तरीही शब्दकोशात बघ, कारण फसवणारे शब्द ओळखीचेच असतात.

आता चौथी नोंद. सत्ताविसावं प्रकरण: पिपला वाढवणारा त्याचा लोहार मेहुणा जो, आता जंटलमन झालेल्या पिपला भेटायला लंडनला येतो ते. तू दोन पानं आपल्या गावाकडच्या काकांवर लिहिलीस. ते हॉस्टेलवर आले, तुला मैत्रिणींसमोर लाज वाटली, मग लाजेची लाज वाटली. हे प्रामाणिक आहे आणि मला आवडलं. पण पहिल्या चार ओळींनंतर पुस्तकातला जो गायब झाला, तो परत आलाच नाही. स्वतःचं एक तृतीयांश पुरे, आणि शेवट पुस्तकातल्या ओळीवर व्हायला हवा.

त्या प्रकरणात करण्यासारखं किती आहे बघ. जो आपली हॅट शेकोटीवरच्या फळीच्या अगदी कोपऱ्यावर ठेवतो आणि ती सारखी पडत राहते. तो ती झेलतो, डिकन्स त्याला विकेटकीपिंगची उपमा देतो, आणि शेवटी हॅट चहाचा गाळ टाकायच्या भांड्यात जाते. आपण हसतो. पण ही गंमत सांगतोय कोण? मोठा झालेला पिप. ज्या तरुण पिपला त्या दिवशी ही हॅट असह्य झाली होती, त्याला काय वाटलं तेही हाच मोठा पिप सांगतो: पैसे मोजून जोला येण्यापासून थांबवता आलं असतं, तर मी नक्की मोजले असते. तू लिहिलंस, ‘मला पिपचा राग आला.’ येणारच. तो राग यावा म्हणूनच मोठ्या पिपनं हे वाक्य लपवलं नाही. तुझा राग आणि त्याचा पश्चात्ताप एकाच जागी भेटतात, यावर पाऊण पान सहज होईल.

आणि संबोधनं बघ. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे सगळं ओझं ‘सर’वर पडतं. ज्या पिपला जो लहानपणापासून ‘पिप, ओल्ड चॅप’ म्हणत आला, त्यालाच इथे ‘सर’ म्हणायला लागतो. मराठीत हा प्रसंग मनातल्या मनात बोलून बघ. ‘तू’चं ‘आपण’ कुठे होतं आणि निरोपाच्या वेळी ‘आपण’चं पुन्हा ‘तू’ कुठे होतं, त्या दोन जागा सापडल्या की प्रकरणाचा कणा हातात येतो. निरोप घेताना जो म्हणतो, की आयुष्य म्हणजे एकमेकींना वेल्ड केलेल्या कितीतरी ताटातुटी; कुणी लोहार असतो, कुणी सोनार, कुणी तांबट. ‘वेल्ड’ हा त्याच्या भट्टीतला शब्द. ताटातूट म्हणजे तुटणं आणि वेल्ड म्हणजे तापवून, ठोकून एकजीव करणं. तुटणं सांधायचं कसं? याचं मराठी करायचा प्रयत्न कर. जमलं नाही तर का जमलं नाही तेच लिही. सगळ्यात चांगली नोंद तीच होईल, असं मला वाटतं.

एक विषय कुणी फारसा घेत नाही. बाविसाव्या प्रकरणात पिपचा लंडनमधला मित्र हर्बर्ट व्यापाराची स्वप्नं रंगवतो: ईस्ट इंडीजहून रेशीम, शाली, मसाले, वेस्ट इंडीजहून साखर, तंबाखू, रम, सिलोनहून हस्तिदंत. शेवटी पिपही कैरोला व्यापारी पेढीत नोकरी धरतो. पहिल्या प्रकरणातला कैदी मॅग्विच, त्यानं ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या राखून कमावलेल्या पैशाची पिपला शिसारी येते, कैरोतल्या पैशाबद्दल मात्र त्याला तसं काही वाटत नाही. आपण त्या शाली-मसाल्यांच्या टोकाकडून वाचतो, म्हणून हे आपल्याला टोचतं. लिही जरूर, पण हर्बर्टची ती यादी सोडून साम्राज्यावर व्याख्यान झोडू नकोस.

कादंबरी १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ अशी साप्ताहिकात ३६ हप्त्यांनी आली होती. दुसऱ्या वाचनाला तेच माप धर. आठवड्याला तीन हप्ते म्हटलं तर बारा आठवडे, तुझं सेमिस्टर बसतं त्यात. हप्ता जिथे तुटतो तिथे थांबून पुढे काय होईल असं पहिल्यांदा वाटलं होतं, ते आठवून लिही.

शेवटाच्या नोंदीआधी प्रस्तावना वाचू नकोस. डिकन्सनं आधी वेगळा शेवट लिहिला होता: पिप आणि एस्टेलाची लंडनच्या रस्त्यात ओझरती भेट, आणि मग वेगवेगळ्या वाटा. बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून त्यानं तो बदलला. पुष्कळ आवृत्त्यांत जुना शेवट परिशिष्टात असतो. दोन्ही वाच. कुठला आवडला ते नको, कुठल्यावर विश्वास बसला ते लिही, आणि छापलेल्या शेवटातलं सर्वांत शेवटचं वाक्य शब्द न् शब्द तपासून बघ. ‘पुन्हा ताटातूट नाही’ असं ते म्हणतं, की ताटातुटीची सावली पिपला दिसली नाही एवढंच म्हणतं?

सत्ताविसाव्याची नोंद तेवढी नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. काकांचा परिच्छेद ठेव, फक्त सहा ओळींत बसव.

तुझी,
आई