ठाण्याची नोकरी आणि निकेल

म्युलहाइम, जर्मनी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच कळवते. ठाण्याच्या कंपनीला मी नाही म्हटलं. अजून दोन वर्षं इथेच, निकेल ह्या धातूवर काम करणार आहे. पगार बेताचा, पुढचं काही पक्कं नाही, वय थांबत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. काकूंकरवी पुन्हा सांगू नका.

बाबा, मागे तुम्ही विचारलं होतंत, "इतकं शिकून तू नक्की करतेस काय?" तुमच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर लोसार्टन लिहिलंय ना, त्याच्या रेणूत बेंझिनची दोन वलयं एकमेकांना जोडलेली असतात. कार्बनला कार्बन असा सहजी जुळत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. मर्क कंपनीने त्यासाठी पॅलेडियम वापरलं. हा धातू दोन्ही तुकडे आपल्याकडे ओढतो, त्यांची गाठ घालून देतो आणि मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे वळतो. आपल्या लग्नं जमवणाऱ्या मावशीच म्हणा! ही पद्धत जपानी रसायनशास्त्रज्ञ सुझुकींची. हेक आणि नेगिशी यांच्यासोबत त्यांना 2010 चं नोबेल मिळालं ते ह्याच कामासाठी.

पण पॅलेडियम महाग, आणि बरंचसं रशिया नि दक्षिण आफ्रिकेतूनच येतं. निकेल त्या मानाने स्वस्त आणि मुबलक. तेच काम निकेलकडून करून घ्यायचं, एवढीच माझी खटपट. निकेल मात्र महालहरी. एकेक इलेक्ट्रॉन द्यायची-घ्यायची त्याला खोड, त्यामुळे भलत्याच वाटेला लागतं आणि हाती नको तेच पदार्थ येतात. आम्ही वापरतो ते त्याचं पिवळंधमक संयुग हवा लागली की खराब होतं. म्हणून ते आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत ठेवायचं. पेटीच्या काचेला जाड रबरी हातमोजे बसवलेले असतात, त्यात खांद्यापर्यंत हात घालून काम करायचं. चमचा बोटांना धड जाणवत नाही. आणि आई, नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटते. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका गटाने हवेत टिकणारं लाल निकेल संयुग बनवलं. ते पहिल्यांदा साध्या बाकावर, उघड्यावर तोललं तेव्हा मला चक्क चोरटं वाटलं.

इथेच का, तेही सांगते. आमच्या ह्या संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीग्लर अॅल्युमिनियमची संयुगं वापरून इथिलीन वायूच्या रेणूंची साखळी वाढवत होते. त्यांचा विद्यार्थी होल्झकांप याच्या प्रयोगात साखळी वाढेचना, दोन रेणू जुळले की गाडी थांबायची. शोधाशोध केल्यावर कळलं की भांड्यात कुठूनतरी निकेलचा अंश उतरला होता. दुसऱ्या कुणी भांडं घासून तो अंश घालवला असता आणि प्रयोग पुन्हा लावला असता. ह्यांनी उलट विचारलं, निकेल असं करतं तर बाकीचे धातू काय करतील? एकेक करत टायटॅनियमपर्यंत आले आणि 1953 मध्ये साध्या दाबाखाली लांबच लांब साखळीचं पॉलिथिन तयार झालं. आपल्या गच्चीवरचा निळा पिंप त्याच जातीच्या प्लास्टिकचा. झीग्लरना 1963 मध्ये नोबेल मिळालं, नात्तांबरोबर. होल्झकांपचं नाव आमच्या विषयाबाहेर फारसं कुणी घेत नाही. माझंही घेणार नाही, आणि खरं सांगू, त्याची मला फिकीर नाही. साखळी का थांबली हे त्यांनी शोधून काढलं, तसलं काम मला करायचंय. ठाण्यात मला ठरलेली प्रक्रिया ठरल्या वेळेत चालवायला सांगितलं असतं. कामात वाईट काही नाही, पण माझा जीव त्यात रमला नसता.

गणपतीला येतेय, रजा मंजूर झालीये. आई, पार्सलने लाडू पाठवू नकोस, येताना मीच घेऊन जाईन. आणि बाबा, लोसार्टन चालू आहे तर रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद टीव्हीच्या मागे खोचलाय, गेल्या वेळी मीच पाहिला. ह्या सोमवारी जाच, आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची,
चिऊ