बडोद्याहून आल्यावर दिन्याला पत्र

प्रिय दिन्या,

परवा फोनवर अर्धवटच बोलणं झालं, तुझी रेंज जात होती आणि मला तर सगळंच सांगायचं होतं, म्हणून आता निवांत टाईप करत बसलोय. लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

सम्या दोन वर्षं मागे लागला होता, बडोद्याला ये, बडोद्याला ये, आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. या वेळी मी तिकीटच काढून त्याला स्क्रीनशॉट पाठवला. शुक्रवारी रात्री बोरिवलीला गाडीत बसलो, पहाटे बडोदा. पठ्ठ्या मफलर गुंडाळून प्लॅटफॉर्मवर हजर, आणि भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न, दिन्याला का नाही आणलास. खरं सांगतो, पुढे दोन दिवस जिथे जिथे गेलो तिथे मलाही हेच वाटत राहिलं. बाकी कुणापेक्षा तू यायला हवा होतास, आणि ते का हे पुढे कळेलच तुला.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. तिकडे तिला उत्तरायण म्हणतात आणि अख्खं गाव पतंगांच्या नादात असतं. रस्त्याच्या कडेला दोन खांब रोवून त्यांच्यामधून दोरी ताणलेली, आणि एक माणूस हाताला फडकं गुंडाळून, मुठीत गुलाबी लगदा घेऊन त्या दोरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो, परत येतो, परत जातो. लगद्यात काचेची पूड असते. बोटांना पट्ट्या बांधलेल्या, तरी कापल्याच्या खुणा दिसतात. मागे मोठ्या चाकावर दोरी गुंडाळत असतात आणि गिऱ्हाईक आपली फिरकी घेऊन शेजारीच उभं. सम्याने स्कूटर थांबवली आणि मी चांगला पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभा. पतंग आपण लहानपणी येवल्याला जाऊन पाहिलेत, पण हे काम इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस दिवसभरात किती मैल चालत असेल हेच डोक्यात राहिलं.

नाश्त्याला शेवउसळ. मिसळीची बहीण म्हण, पण स्वभाव वेगळा. वाटाण्याची पातळ उसळ, वर लाल तरी, शेव, कांदा, आणि थंडीत हिरव्या लसणाची पात बारीक चिरून घालतात, त्या पातीनेच सगळी मजा आहे. मी नाशिकचा असून सांगतो, तिखटात ती आपल्याला ऐकत नाही.

राजवाडा पाहिला, लक्ष्मी विलास. 1890 साली बांधून झालेला. दरबार हॉलची मोझॅइकची जमीन, बेल्जियमच्या रंगीत काचा, सगळं डोळे दिपवणारं आहे, पण राजवाडे सगळे शेवटी राजवाडेच असतात, त्यावर जास्त लिहीत नाही. त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, तिथे मात्र थांबायचं. राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती ती इमारत, आणि आत राजा रविवर्मा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी या राजवाड्यासाठी त्याच्याकडून रामायण-महाभारतावर 14 चित्रं काढून घेतली होती. आपल्या आज्यांच्या देवघरात ज्या लक्ष्मी-सरस्वती छापील फ्रेममध्ये होत्या ना, तशा इथे खऱ्या तैलरंगात समोर उभ्या राहतात. साडीच्या जरीवर ब्रशचे फटकारे दिसतात रे, जवळ गेलं की नुसते पिवळे ठिपके आणि दोन पावलं मागे आलं की जर. माझी आई असती तर तिने हात जोडले असते.

दुपारी सम्याच्या बायकोच्या, नेहाच्या माहेरी जेवायला. दांडिया बाजारात, जुना वाडा, चार पिढ्या बडोद्यात. आजी ऐंशीच्या पुढच्या, तब्येत ठणठणीत, बोलणं अस्सल बडोद्याचं मराठी, "भाऊ, शांतीनं जेवा, काय उतावळ आहे?" असं. वरणभात, उंधियू, बटाट्याची भाजी, आणि ताट रिकामं दिसलं की पुरी पडलीच. तू कुठला वगैरे विचारताना मी नाशिक म्हणालो आणि त्या एकदम सरसावून बसल्या, म्हणजे महाराजांच्याच मुलखातले. तिकडे नुसतं महाराज म्हटलं की सयाजीराव, दुसरं कुणी नाही. मी त्यांना तुझं सांगितलं, की माझा एक मित्र मालेगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, कवळाण्यापासून त्याची शाळा लांब नाही. दिन्या, त्या बाईंनी कवळाण्याचं नाव ऐकून हात जोडले. तू रोज ज्या फाट्यावरून जातोस त्या गावाचं नाव घेऊन बडोद्यात एक म्हातारी हात जोडते.

तुला ती गोष्ट माहीतच आहे, पण तिथे बसून ऐकताना वेगळी वाटते. मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता, म्हणून 1875 मध्ये कवळाण्याहून गायकवाडांच्या शेतकरी शाखेतली पोरं आणली. त्यातला गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, बारा वर्षांचा, शाळेचं तोंड न पाहिलेला. इथे कशाला आलास असं विचारल्यावर तो म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. ते खरं-खोटं काही असो, पण पुढे 1939 पर्यंत त्या पोराने जे केलं ते शहरभर दिसतं. 1893 ला अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 ला सगळ्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं. 1906, दिन्या. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर ओळखता येत नव्हतं त्याने. मला वाटतं त्यालाच ते सुचू शकतं, कारण अक्षर नसणं म्हणजे काय हे त्याने सोसलेलं होतं, दिवाणांनी कागदावर वाचलेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आजी म्हणाल्या, राजवाडा बघितलात ना, आता लायब्ररी बघा. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. गर्दीतून, मंगळ बाजारातून वाट काढत गेलो, आणि आत शिरल्यावर मी गप्पच झालो. लोखंडी कपाटांचे मजल्यावर मजले, आणि मधली जमीन जाड काचेची. खरंच काचेची. वरून येणारा उजेड त्या काचेतून खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठींवर पडतो, हिरवट, पाण्यातून आल्यासारखा. वर कुणी चाललं की खालून चपलेचा अस्पष्ट आकार सरकताना दिसतो. पुस्तकं शोधायला उजेड हवा आणि आगीची भीती नको, यासाठी केलेली सोय आहे ती. मी एका कपाटातून मराठी पुस्तक काढलं, आत जुना शिक्का होता, आणि मला इतकं भरून आलं की सम्याने पाठीवर हात ठेवला.

आणि आता तुझ्या कामाचं. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि सगळ्या संस्थानात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. शहरात मोठी लायब्ररी, तालुक्याला एक, मोठ्या गावात एक, आणि जिथे काहीच नाही तिथे फिरती पेटी. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं, गावाला पाठवायची. गावाने वाचून झाली की परत, मग दुसरी पेटी. पाठवायचा खर्चही सरकारचाच, गावाला एक पैसा नाही. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळा विभाग. आजी सांगत होत्या, त्यांची आई त्यांना बोटाला धरून बायकांच्या विभागात न्यायची, घरात पुस्तक वाचलेलं सासूला चालायचं नाही म्हणून तिथेच बसून वाचायची आणि मग भाजी घेऊन घरी. हे सांगताना आजींच्या आवाजात इतका अभिमान होता.

रविवारी सकाळी सयाजी बागेत गेलो, जुने लोक अजून कमाटी बाग म्हणतात. विश्वामित्रीच्या पुलावरून खाली पाहिलं तर काठाच्या चिखलावर मगरी उन्हं खात पडलेल्या, भर शहरात, आणि वरून बस-रिक्षा चाललेल्या, कुणी मान वळवून बघत नाही. बागेतलं म्युझियम 1894 चं. निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, सम्याची पोरगी ममीजवळून हलायलाच तयार नव्हती. मला आवडल्या त्या अकोट्याच्या जैन मूर्ती. अकोटा म्हणजे आता बडोद्याचाच एक भाग, तिथे 1951 मध्ये जमिनीखाली ब्राँझच्या मूर्तींचा साठा सापडला. त्यात एक चामरधारिणी आहे, हातात चवरी, एका पायावर भार देऊन किंचित वाकलेली, इतकी सहज उभी आहे की हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी ओतलीय यावर विश्वास बसत नाही.

पण बागेत मला मुळात जायचं होतं ते संकल्पभूमीवर, बाबासाहेबांच्या आठवणीच्या जागी.

आपण शाळेत शिकलो ना, सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. 1913, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ. पुस्तकात गोष्ट तिथेच संपते आणि सगळे टाळ्या वाजवतात. करार असा होता की परत येऊन संस्थानची नोकरी करायची, म्हणून 1917 ला बाबासाहेब बडोद्याला आले. एवढे शिकलेले, आणि राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी असल्याचं सांगून एका पारशी वसतिगृहात वरच्या मजल्यावर राहिले. पुस्तकं वाचत, एकटे. काही दिवसांत कळलंच, डझनभर माणसं काठ्या घेऊन आली, संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. मग ओळखीच्या दोघांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिश्चन. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील, दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले चार-पाच तास काढायला जागा नाही, म्हणून ते या बागेत येऊन बसले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ते बसले होते म्हणतात त्या वडाखाली आम्ही उभे होतो. बाजूला पोरं खेळत होती, एक आजोबा नातवाला घेऊन आलेले, चपला काढून वाकून नमस्कार केला त्यांनी. त्या संध्याकाळची आठवण म्हणून 23 सप्टेंबरला इथे गर्दी असते म्हणाले. मला राग येत होता, शंभर वर्षांनंतरही येत होता. महाराजांनी पैसे दिले, हुकूम काढला, नोकरी दिली, आणि तरी त्यांच्याच राजधानीत एक खोली मिळाली नाही. वरून कितीही चांगला माणूस बसलेला असला तरी गल्लीतली माणसं बदलल्याशिवाय काही बदलत नाही, हे नेहा म्हणाली, आणि मग आम्ही बराच वेळ यावरच बोलत चालत राहिलो. सम्याचं म्हणणं, काचेची जमीन बघून जेवढा अभिमान वाटतो तेवढीच लाज इथे वाटायला हवी, दोन्ही एकाच शहराचं आहे. मला पटलं ते. तू तुझ्या सातवीच्या पोरांना सयाजीराव शिकवशील तेव्हा ही संध्याकाळही सांग, दोन्ही एकत्र सांग.

दुपारी वेळ थोडा होता तरी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा गाठला. दिवाणांचा वाडा, बाहेरून साधा लाकडी, आणि वरच्या मजल्यावर भिंती, दारं, जिथे जागा मिळेल तिथे चित्रं. कृष्णलीला, महाभारत, आणि इंग्रज-मराठ्यांची लढाई. रंग उडालेत बऱ्याच ठिकाणी. कीर्ती मंदिर राहिलं, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत तिथे, ते पुढच्या वेळी. संध्याकाळी सूरसागरच्या काठावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो तिघं, कॉलेजच्या गप्पा, तुझी ती पावसात नाटकाचं सामान वाहून नेलेली गोष्ट परत निघाली, आणि मग गाडीची वेळ झाली.

तर काम. निघताना आजींनी एक पिशवी दिली, मुलांची जुनी मराठी पुस्तकं, नातवंडं गुजराती-इंग्रजी वाचतात म्हणून पडून होती. म्हणाल्या, कवळाण्याकडच्या मास्तरांना द्या. तीसेक आहेत, बाईंडिंग चांगलं आहे. सम्या आणि मी ठरवलंय की अजून शंभरेक आम्ही घेऊन देतो. तुझ्या शाळेत ठेवून कपाट बंद करू नकोस. तुझी शाळा, वस्तीवरची ती दोन शिक्षकी शाळा आणि तुझ्या बायकोची शाळा, तिघांत एक पेटी फिरव, महिना-महिना. पेटी मी ठाण्याला सुताराकडून करून घेतो, मोटरसायकलला मागे बांधता येईल अशी. तुझ्या गाडीच्या कॅरिअरचं माप मोजून पाठव, लांबी-रुंदी दोन्ही, आणि कुलूप हवं की नुसती कडी तेही सांग. आजींना फोटो पाठवायचं मी कबूल केलंय, तेव्हा टाळाटाळ नको.

काका-काकूंना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
अभ्या