काका, त्या चिकटपट्टीबद्दल

काका, स.न.वि.वि.

पंचवटीतल्या तुमच्या दुकानातून सायकल आणून चार दिवस झाले. मागच्या ट्यूबलेस टायरातली (आत ट्यूब नसते, भोक बुजवणारं पातळ सीलंट असतं) हवा अजून जागेवर आहे.

आधीच्या चकचकीत दुकानात दोनदा नुसती हवा भरून मिळाली, तिसऱ्यांदा "टायर गेलाय, नवा घ्या." व्हॉल्व्हचा कोर (आतली बारीक झडप) काढून आत बघायचं कुणाला सुचलं नाही. तुम्ही पहिलं तेच केलंत. चाक फिरवून व्हॉल्व्ह एका बाजूला आणून हवा सोडली (तळाशी ठेवून सोडली असती तर शर्टावर सीलंटचा फवारा), मग तो खाली आणून पाच मिनिटं थांबलात, कोर काढला आणि बारीक केबल टाय आत बुडवला. टोक कोरडं ठणठणीत! आत सायीसारखा पापुद्रा तेवढा उरलेला.

टायर शाबूतच होता. सीलंटमधलं पाणी उडालं की लॅटेक्स आतल्या बाजूला चिकटून वाळतं, मग बाभळीच्या काट्याचं भोक बुजवायला काही वाहतच नाही. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, त्यातून सायकल गच्चीवर उभी असेल तर, दर दोन महिन्यांनी बघायलाच हवं.

सीलंटची बाटली तुम्ही दणकून हलवलीत. भोक बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात, वरचं पाणी ओतून काय उपयोग! २९ × २.२ इंची टायरला सिरिंजने मोजून ९० मिली. रोड सायकलच्या २८ मिमी टायरला ३०-४० मिली पुरतं, हेही सांगितलंत. जास्त खपवायचं असतं तर गप्प बसला असतात. चिकटलेला कोर बदललात. व्हॉल्व्हचा नट बोटांनीच आवळलात. आधीच्यांनी तो पकडीने आवळला होता. त्र्यंबक रोडवर ट्यूब टाकायची वेळ आली असती तर व्हॉल्व्ह काढायला तो सुटलाच नसता. कार्बन डायऑक्साइड गॅसच्या छोट्या नळकांडीने हवा भरू नका, लॅटेक्सच्या गुठळ्या होतात, ही ताकीद जाता जाता.

पण मनात राहिली ती शेवटची गोष्ट. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून तुम्ही त्यावर पेनाने लिहिलंत, '९० मिली, १४ मार्च. १४ मेला बघणे', आणि सीटखालच्या नळीवर चिकटवलात. त्याचे पैसे नाहीत, बिलात नोंद नाही. पुढच्या वेळी गिऱ्हाईक अडू नये इतकाच विचार. अशी माणसं हातावर मोजण्याइतकीच भेटतात, म्हणून हे चारचौघांत लिहिलं.

१४ मेला केबल टाय घरीच बुडवणार. ओला निघाला तरी दुकानात येईन, चहाला.